आजींशी वाद घालू नकोस

प्रिय बाय,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. अश्दोदला तू सांभाळतेस त्या आजी मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू, घरात अजून मराठी बोलतात, म्हणून आम्ही वसईत निर्धास्त होतो. आणि आता बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायावरून तुमचा अबोला?

चूक त्यांची नाही गं. कुमारीला मुलगा होईल असं आपण तिथे वाचतो, पण मूळ हिब्रूत ‘आल्मा’ आहे, म्हणजे तरुण स्त्री. पुढे ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनॉस’ आलं, कुमारी, आणि शुभवर्तमान लिहिताना मत्तयने तेच घेतलं. आहाज राजावर दोन शत्रू चालून आले होते, तेव्हा यशयाने त्याला दिलेली ती खूण. आजी तिथे आहाजचं संकट वाचतात, आपण येशूचा जन्म.

तू जन्मलीस तेव्हा सगळे तुझ्या पणजीच्या लग्नातल्या फोटोत तुझं नाक शोधत होते. सापडलंही! पण फोटो काढला तेव्हा तू कुठे होतीस? मत्तयचं तसंच. येशू आधी भेटला, मग जुन्या ग्रंथात त्याचा चेहरा दिसू लागला. मलाही दिसतो, आगमनकाळात तर फारच. पण फोटो पणजीचाच राहतो ना?

त्रेपन्नावा अध्याय मात्र त्यांच्यापुढे मुद्दा म्हणून काढू नकोस. गुड फ्रायडेला आपण तो वाचतो आणि क्रूस आठवतो. त्यांच्या लेखी तो दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल लोक, आणि एकेचाळिसाव्या अध्यायात देव इस्राएललाच सेवक म्हणतो. रोमच्या बायबल आयोगानेही 2001 साली मान्य केलं, की ज्यूंचं वाचन हे त्या ग्रंथाचं एक शक्य वाचन आहे. मग तू कशाला भांडतेस?

इथे मोगरा बरा आहे, भाव नाही. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय, तुला सांगायचं नाही म्हणते. नाताळाची साफसफाई काढलीय. तू जेवण टाळू नकोस, चेहरा उतरलाय तुझा. आपल्या नंदाखालच्या दिब्रिटो फादरांचं ‘सुबोध बायबल’ तुझ्या बॅगेत मीच ठेवलं होतं, ते काढ आणि नुसता एक अध्याय नको, यशया पहिल्यापासून वाच.

आणि बाय, आज संध्याकाळी आजींना चहा करून दे, जवळ बस, आणि आहाजची गोष्ट त्यांनाच सांगायला सांग.

तुझा,
काका