पुलावरची 20 तारीख

20 ऑगस्ट 2013 ची सकाळ. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

अशा वेळी घरच्यांच्या मनात काय उसळत असेल? संताप तर असणारच. पण मुक्ता आणि हमीद या त्यांच्या मुलांनी हाती घेतलं ते वडिलांचं अर्धवट राहिलेलं काम. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर 15 वर्षांहून अधिक काळ झटले, त्याचा वटहुकूम खुनानंतर आठवड्याच्या आत निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यासाठी त्यांचा जीव जावा लागला, हे मला आजही सलतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाच्या लेकीला साखळीनं बांधून मारलं, तर आता तिच्या बाजूनं हा कायदा उभा आहे.

दर महिन्याच्या 20 तारखेला दाभोलकरांच्या चळवळीतले कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. हातात फलक, ओठांवर गाणी. दगड कुणीच उचलला नाही. मे 2024 मध्ये दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. सूत्रधार कोण, हे मुक्ता आणि हमीद अजून विचारत आहेत.