झाकलेलं आणि पुसलेलं

लिनक्सवर काम करणाऱ्याला कधी ना कधी हा अनुभव येतोच. जिथे फाइल असायला हवी, तिथे ती नसते. कुणी पुसल्याचं आठवत नाही, डिस्कही ठणठणीत असते. अशा वेळी बॅकअपकडे धाव घेण्याआधी जरा थांबावं आणि समोरची डिरेक्टरी थरांची तर नाही ना, हे पाहावं.

2014 च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या 3.18 कर्नलमध्ये असे थर एकत्र दाखवणारी ओव्हरलेएफएस ही फाइल सिस्टिम आली. आज डॉकरचे कंटेनर सहसा तिच्या भरवशावर चालतात. खालचे थर फक्त वाचायचे, लिहायचं ते वरच्या थरात, आणि आपल्याला दिसतं ते सगळ्यांचं मिळून झालेलं रूप. खालच्या फाइलमधलं एक अक्षर बदललं, तरी तिची अख्खी प्रत वर येते आणि मूळ फाइल तिच्याआड जाते.

पुसण्याची तऱ्हा तर आणखी विचार करायला लावणारी. खालच्या थराला हात लावायचा नसतो, म्हणून वरच्या थरात त्याच नावाची एक खूण ठेवली जाते. तिला व्हाइटआउट म्हणतात. वरचा थर उघडून ‘एलएस -एल’ दिलं की ती सापडते: ओळीच्या सुरुवातीला ‘सी’, आकाराच्या जागी ‘0, 0’. म्हणजे इथे ‘नाही’ हीसुद्धा कुणीतरी करून ठेवलेली नोंद असते. ज्याला शोध घ्यायचा आहे, त्याने माउंटच्या तपशिलात ‘लोअरडिर’ आणि ‘अपरडिर’ बघावेत आणि एकेक थर वेगळा वाचावा. फक्त वाचावा; माउंट चालू असताना थरात परस्पर बदल केला, तर पुढे काय दिसेल याची हमी नाही.

याच रचनेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कंटेनरची थरांची इमेज बनवताना एका पायरीत पासवर्डची फाइल आत घेतली आणि पुढच्या पायरीत पुसली, तरी आधीच्या थरात ती जशीच्या तशी राहते. इमेज ज्याच्या हाती पडेल, त्याला ती फाइल काढता येते. तो पासवर्ड बदलण्यावाचून मग गत्यंतर नसतं.

‘हरवलं’ म्हणताना आपण घाबरतो, म्हणून निदान शोधतो तरी. ‘पुसलं’ म्हणताना मात्र निर्धास्त होतो. खरं तर खालचा थर तपासायची जास्त गरज तेव्हाच असते, कारण न तपासण्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मोजावी लागते.