कूलर, एसी आणि बंब

देवासला आत्याकडे मे महिन्यात गच्चीवर झोपलं की पहाटे चारच्या सुमाराला पायाशी ठेवलेली चादर नकळत गळ्यापर्यंत येते. आदल्या दुपारी याच गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. माळव्याचं हे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर साठलेली उष्णता अंधार पडताच भराभर निघून जाते. ‘शब-ए-मालवा’चं, माळव्याच्या रात्रीचं, कौतुक उगाच झालेलं नाही.

आत्याचं घर मला आधी उधळं वाटायचं. बैठकीत कूलर, मागच्या खोलीत एसी, छताला पंखे, माळ्यावर हीटर आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात अजूनही तांब्याचा बंब. एकच काहीतरी धड का घेत नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, “अरे, इथला उन्हाळा तरी एक आहे का?”

खरंच नाही. एप्रिल-मेमधली लू, म्हणजे तापलेला वारा, कोरडी असते. तिच्या वाटेत कूलरचं ओलं गवत धरलं की पाण्याची वाफ होते आणि लागणारी उष्णता ते हवेतूनच खेचून घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता नेतं. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या घरात वीज खातो. घरगुती कूलरचं दीडशे-दोनशेत भागतं. पण जूनच्या अखेरीस पाऊस आला की हवाच पाण्याने भरलेली, वाफ होणार कुठून? कूलर मग नुसता दमटपणा फेकतो. ते चार-सहा आठवडे एसीचे. डिसेंबरात पुन्हा बंबाची धुरकट सकाळ. तसंही एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या शेजारी-शेजारी चालवलेलं हे देवास. एका घरात पाच यंत्रं इथे कुणाला खटकणार?

क्षयाने ग्रासलेले गायक कुमार गंधर्व १९४८ साली इथे आले ते याच कोरड्या हवेसाठी. फुप्फुसांना जी मानवते तीच कूलरलाही मानवते, हे मला आत्याकडे कळलं.

शेजारच्या धारमध्ये तर पाण्याने घर गार करण्याचा हा हिशेब हजार वर्षं जुना आहे. तिथल्या अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक आख्खा अध्याय आहे आणि त्यात पाण्याने गार होणाऱ्या घरांचे पाच प्रकार दिले आहेत: धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न, नंद्यावर्त. कुठे कारंजी, कुठे छतातून खोटा पाऊस, तर जलमग्न म्हणजे चक्क पाण्यात बुडवलेली खोली. राजाला एक पुरला नाही, पाच लागले! ही चैन होती, यात शंका नाही. पण प्रत्येक प्रकारात पाण्याची चाल वेगळी आहे, त्यामागची निरखून पाहणारी नजर चैनखोराची नव्हे.

धार जिल्ह्यातल्या मांडवगडावर चंपा बावडी या विहिरीला लागून जमिनीखालच्या गार खोल्या आहेत आणि तिथून काही पावलांवर गरम-थंड पाण्याचा हमाम. मे आणि डिसेंबर एकाच आवारात बांधून ठेवलेले. वर जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध, वारा पाण्यावरून यावा म्हणून जणू. तिथे उभा राहिलो तेव्हा मला मांडवगडचा सुलतान आठवायला हवा होता. आठवली ती आत्या, दुपारी साडेबाराला पश्चिमेची खिडकी बंद करून पूर्वेची उघडणारी. तिच्या घरातलं सर्वांत स्वस्त यंत्र तेच, आणि ते दुकानात मिळत नाही.

साडेसहा झाले. खाली आत्या कूलरच्या टाकीत पाणी सोडते आहे. ओल्या गवताचा वास जिन्यावरून वर येतो आहे. मी चादरीची घडी घातली. फरशी पायांना अजून गार लागते. आठपर्यंत लागेल.