दुसरा डोस कुणाचा?

मामा परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेला. मुग्धा, त्याची भाची, करोनाच्या काळात पुण्यात लसीकरण केंद्रावर राबलेली डॉक्टर. विषय ‘व्हॅक्सिन मैत्री’चा, म्हणजे भारतानं इतर देशांना लस पाठवल्याचा निघाला आणि जेवणं लांबली.

मुग्धा : लस पुण्याशेजारी मांजरीत तयार होत होती, आणि एप्रिल २०२१मध्ये पुण्यातच केंद्रांच्या दारावर ‘लस संपली’चे कागद लागत होते. पहाटेपासून रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांना घरी पाठवायचं काम माझ्याकडे. त्यांना काय सांगायचं होतं? भारताची प्रतिमा उजळतेय?

मामा : आकडे बघ. तोवर बाहेर गेले साधारण ६.६ कोटी डोस. त्यात भेट म्हणून दिलेले १ कोटीच्या आसपास. बाकी विकलेले किंवा ‘कोव्हॅक्स’ या जागतिक लसवाटप योजनेला दिलेले. आपली प्रौढ लोकसंख्या ९४ कोटी, माणशी दोन डोस. ते ६.६ कोटी घरी ठेवले असते तरी त्या वेळच्या वेगानं तीन आठवड्यांत संपले असते.

मुग्धा : ते तीन आठवडे म्हणजेच एप्रिल, मामा.

(मामानं भाताचा घास तसाच धरून ठेवला. हा घाव वर्मी बसला होता.)

मामा : कबूल. पण २० जानेवारीला भूतान आणि मालदीवला खोकी गेली तेव्हा आपल्याकडे साथ ओसरत होती, लस घ्यायला लोक कां-कू करत होते. भूताननं आपल्या लसीवर मार्चअखेर मोहीम सुरू केली आणि दोन आठवड्यांत बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिला डोस टोचला. ते चूक होतं?

मुग्धा : खोक्यांवर छापलं होतं, भारताची जनता आणि सरकार यांच्याकडून भेट. जनतेला विचारलं होतं कुणी? आणि मनात चीनचा हिशेब होताच की.

मामा : होता. हेतू मिसळला म्हणून लसीचा गुण कमी होत नाही. माझी बोच वेगळी आहे. धान्य पाठवलं की देणं तिथेच संपतं. ही लस दोन डोसांची. पहिला टोचला की दुसऱ्याचा शब्द दिल्यासारखाच. नेपाळात ६५ वर्षांवरच्या चौदाएक लाख लोकांनी पहिला घेतला आणि आपण लस पाठवणं थांबवून हात आखडता घेतला. बांगलादेशानं तर ३ कोटी डोसांचा करार केला होता, रोख मोजून. त्यातले ७० लाख पोचले.

मुग्धा : फाइल तुझ्या टेबलावर असती तर?

मामा : नव्यांना थांबवलं असतं. पण पहिला दिलाय त्यांचा दुसरा बाजूला काढला असता.

मुग्धा : माझ्या रांगेतल्या माणसाला ते सांगायला कोण आलं असतं? तू?

मामा : मंत्री.

मुग्धा : त्याला मतं मागायची असतात! वॉर्डातलं सांगते. सिलिंडर एक आणि रुग्ण दोन असले तर समोरच्याला लावायचा. फोनवर विचारणाऱ्याला नाही.

मामा : आणि फोनवर तूच त्याला ‘ये, तुझ्यासाठी ठेवलाय’ म्हणाली असशील तर?

मुग्धा : तसं म्हणायलाच नको होतं.

मामा : मग जानेवारीतच दोन्ही डोसांचा साठा हातात धरून बोलायला हवं होतं. कमी देशांना, पण पुरतं.

मुग्धा : कमी देशांत फोटो कमी निघाले असते.

(माझं मत मामाकडे झुकतं, तरी त्या रांगेपुढे उभं राहून ते बोलायची माझी छाती नाही. एक गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यातून निसटली : लस अडकलेल्या त्याच बांगलादेशानं मे महिन्यात आपल्याला रेमडेसिविरच्या १० हजार कुप्या पाठवल्या. राजनयाचा धडा घ्यायचा तर तो ढाक्याकडून.)

भारतानं लस पाठवणं पुन्हा सुरू केलं ते ऑक्टोबर २०२१मध्ये. नेपाळातल्या त्या वृद्धांचा दुसरा डोस ऑगस्टमध्येच आला होता, जपानकडून.