मृत साठ्यातले हक्क

सोलापूर जिल्ह्यात ऊन तापू लागले की चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असतो, "प्लसमध्ये की मायनसमध्ये?" विषय उजनीचा आहे हे सांगावे लागत नाही. भीमेवरच्या या धरणाची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातले साधारण साडेत्रेपन्न टीएमसी पाणी उपयुक्त आणि साडेत्रेसष्टच्या वर मृत. उपयुक्त साठा संपला की धरण शून्यावर येते आणि त्याखाली गेले की मायनस. 2024 च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत खाली गेली. बातम्यांत धरणाने तळ गाठला होता, तरी आत तीसेक टीएमसी पाणी होते. पुण्याला पाजणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणे भरली, तरी उपयुक्त साठा एवढाच होतो.

मृत म्हणजे नसलेले पाणी नव्हे. कालव्याच्या तोंडापेक्षा ते खाली असते, म्हणून आपल्या उताराने बाहेर पडत नाही. ते उचलावे लागते. ज्याच्याकडे मोटार, केबल आणि लांब पाइप आहे तो उचलतो. पाणी मागे सरकेल तसा चर खणत त्याच्या मागे जातो. बाकीचे काठावर उभे राहून बघतात.

आपल्या राज्यघटनेतही असे दोन साठे आहेत. तिसऱ्या भागातले मूलभूत हक्क उपयुक्त साठ्यातले. ते डावलले गेले तर नागरिकाला थेट न्यायालयात जाता येते. चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वे मृत साठ्यातली. ती देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, पण कोणत्याही न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असे अनुच्छेद 37 सरळ सांगतो. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, हे 39 (ख) मधले वचनही याच साठ्यात पडून आहे. उद्देशिकेने आर्थिक न्यायाचे जे आश्वासन दिले, त्याचा मोठा भाग इथेच. देश आपल्या आदर्शांना जागतो का, हा प्रश्न 26 जानेवारीच्या संचलनात विचारून उपयोग नाही. देशाच्या नावाने ज्यांच्याकडून काही घेतले, त्यांच्या दारात तो विचारावा.

उजनीकाठी बरेच काही घेतले गेले. 1966 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते भूमिपूजन झाले, 1980 च्या सुमारास धरण पूर्ण झाले, जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. ती घेताना स्वतंत्र देशाने वापरला तो इंग्रजांचा 1894 चा भूसंपादन कायदा. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर ज्याखालच्या भूसंपादनाविरुद्ध सत्याग्रह केला, तोच. तो रद्द व्हायला 1 जानेवारी 2014 उजाडावे लागले. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा 1976 चा, म्हणजे उजनीच्या भूमिपूजनानंतर दहा वर्षांनी. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही बाबा आढावांच्या चळवळीची घोषणा आज इतकी साधी वाटते, की तिच्यासाठी मोर्चे काढावे लागले याचेच नवल वाटावे.

मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला तो 44 व्या घटनादुरुस्तीने, 20 जून 1979 पासून. उजनीच्या जमिनी त्याआधीच गेलेल्या होत्या, म्हणून या दुरुस्तीवर खापर फोडण्यात अर्थ नाही. हक्क मूलभूत होता तेव्हाही नुकसानभरपाई ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच मिळत होती. शेतमजूर, सालगडी, बलुतेदार, नदीवर जाळे टाकणारा भोई यांचे काय बुडाले हे कोणत्या रकान्यात लिहिणार? त्यांचे गाव बुडाले, म्हणजे त्यांची गिऱ्हाइके, त्यांची उधारी, त्यांची ओळख बुडाली. कागदावर मात्र त्यांचे काहीच गेले नव्हते. उजनीतला सगळ्यात मोठा अन्याय मला हा वाटतो, आणि आपल्या धरणग्रस्तांच्या साहित्यातही त्याची नोंद विरळच.

तरी उजनीची गोष्ट निव्वळ रडगाणे म्हणून सांगणे खोटेपणाचे होईल. कंदर, चिखलठाण, वाशिंबे या करमाळ्याच्या पट्ट्यात आज ऊस आणि केळी उभी आहे. कंदरची केळी परदेशात जाते. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या काहींनी वरच्या माळावर पाइपलाइन टाकून बापाने पाहिले नव्हते असे पीक घेतले. धरणाने माणसे उठवली आणि उभीही केली. पण उभे कोण राहिले? ज्याच्याकडे भरपाईतून चार पैसे उरले, ज्याला सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज मिळाले, ज्याचा शब्द कारखान्यात चालला तो. टंचाईच्या साली पिण्याचे पाणी राखण्यासाठी काठावरच्या मोटारींची वीज कमी करतात. तेव्हा मोठा बागायतदार दुसरी सोय बघतो, दोन एकरवाल्याचा ऊस वाळतो. हुकूम दोघांना सारखाच असतो.

भारतात कुठेही मुक्तपणे संचार करण्याचा हक्क अनुच्छेद 19 ने दिला आहे, आणि तो उपयुक्त साठ्यातला, पक्का मूलभूत. धरणापूर्वी उन्हाळ्यात भीमा उतरून पलीकडच्या गावी जाता येई. नदीचा समुद्र झाला आणि समोर दिसणारे इंदापूर तालुक्यातले गाव रस्त्याने लांब पडले. मग लोक होडीने जाऊ लागले. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. पाणी अडवण्याचे गणित झाले तेव्हाच, त्याच अंदाजपत्रकात, दोन काठ जोडणारे पूल का धरले गेले नाहीत? संचाराचे स्वातंत्र्य पाण्याखाली घालवणाऱ्यानेच ते परत करायचे असते, यासाठी कायद्याचा किस पाडायची गरज नाही.

2021 मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा घाट घातला गेला, सोलापूर पेटले आणि आदेश मागे घ्यावा लागला. त्या भांडणात मी सोलापूरकर म्हणून कोणत्या बाजूला होतो हे सांगायला नको. पण इंदापूरच्या धरणग्रस्ताचे म्हणणे, की जमीन आमची बुडाली आणि कालवे तुमचे झाले, ते ऐकून घेण्याइतकीही शांतता आपण ठेवली नाही. दोन वंचितांना एकाच भांड्यावर सोडून दिले की वाटप कोणी केले हा प्रश्न कोणी विचारत नाही. सोलापूर शहराची तहान आहे, पंढरीच्या वारीसाठी नदीत पाणी सोडायचे आहे, मोहोळ-मंगळवेढ्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाळीची वाट बघतो आहे, आणि राज्यात साखर कारखान्यांची सर्वाधिक गर्दी असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आहे. हे सारे एकाच धरणावर.

मृत साठ्यातले पाणी उचलता येते, तसे चौथ्या भागातले हक्कही. बालकांचे मोफत शिक्षण पूर्वी तिथेच होते. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने ते अनुच्छेद 21-क बनून वर आले. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी पोटात घेऊन आलेले हिरवे पाणी ज्यांच्या काठाला लागते, त्यांना हा निकाल कोणी वाचून दाखवावा. मूलभूत हक्कांतून गेलेल्या मालमत्तेच्या हक्काचेही तसेच: 2020 मध्ये याच न्यायालयाने हिमाचलमधल्या एका वृद्धेला, 1967 च्या सुमारास रस्त्यासाठी रीत न पाळता घेतलेल्या जमिनीची भरपाई देण्याचा आदेश दिला. अर्धे शतक उलटले म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. उचल होते, पण आंदोलक, वकील किंवा कमालीचा चिवटपणा यांपैकी काहीतरी हाताशी लागते. माझे उत्तर म्हणून एवढेच की आपला देश आदर्श विसरलेला नाही. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यापुरते तो ते पाळतो.

रब्बीच्या आवर्तनासाठी कालवा सल्लागार समिती बसेल. टेबलाभोवती मंत्री, आमदार, खासदार, अधिकारी असतील. बुडालेल्या गावांच्या ग्रामसभांनी त्याआधी दोन ठराव करावेत: कोणाची किती जमीन गेली, काय कबूल केले आणि काय मिळाले याची गाववार यादी, त्यात भूमिहीनांचा रकाना धरून, चावडीवर लावावी. आणि त्या टेबलावर धरणग्रस्तांचा एक माणूस मताच्या हक्कासह बसवावा.