वीट कोणासाठी?

आई-बापांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट दिली, ही कथा वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. तीच हाती धरून आज आम्हांला एका नव्या गोष्टीचा विचार करायचा आहे.

म्हातारपणी स्मृती जाते, माणूस आपल्याच घरात परका होतो. या रोगाला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या माणसांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख जण या रोगाचे आहेत. बोरिवलीला, मुलुंडला मुलगा-सून सकाळची लोकल धरून जातात. मागे आजी एकटी. गॅस चालू केल्याचे तिला स्मरत नाही. आपले बिऱ्हाड अजून गिरगावातच आहे असे वाटून ती दार उघडते नि चालू लागते.

मग घरात यंत्रे येतात. दार उघडले की मुलाच्या मोबाइलवर इशारा जातो. गॅस गळला तर झडप आपोआप मिटते. रात्री आजी उठली की दिवा लागतो. मुंबईतल्याच एका तरुण अभियंत्याने अशा विसराळू जिवांच्या गळ्यात घालायला क्यूआर कोडचे लॉकेट काढले. एप्रिल 2024 मध्ये वरळीहून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला 12 वर्षांचा मुलगा कुलाब्यात सापडला, तो या लॉकेटमुळेच घरी पोचला.

कोणी म्हणेल, “यंत्राने कसली हो सेवा? पुंडलिकाने काय यंत्र बसवलं होतं?” आम्हांला हे बोलणे पटत नाही. पोटासाठी लोकल धरावीच लागते, आणि आजी भाजली तर त्या मुलाच्या निष्ठेचा काय उपयोग? आंधळ्याच्या हाती काठी दिली तर पाप होत नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काठी आंधळ्याच्या हाती असते. कॅमेरा मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. स्मृती गेली म्हणून लाज गेली, असे नव्हे. न्हाणीघरात, कपडे बदलायच्या जागी कॅमेरा कशाला? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो विसरणाऱ्यालाही आहे. म्हणून रोगाच्या आरंभी, समज शाबूत असताना, म्हाताऱ्यांनाच विचारावे, “काय चालेल, काय नको?” पुढे त्यांना बोलता आले नाही, तरी ते उत्तर आपण पाळावे. वीज किंवा इंटरनेट गेले की यंत्र मुके होते, तेव्हा शेजाऱ्यालाही सांगून ठेवावे.

आणि खरी कसोटी पुढेच आहे. यंत्राने आपली धावपळ वाचवली. तो वाचलेला वेळ गेला कुठे? संध्याकाळी आजीजवळ बसण्यात गेला, तर यंत्र सेवेला लागले. “आता काय, मोबाइल बघतोच की!” म्हणून आपण आणखी दूर गेलो, तर यंत्राने आपल्याला सेवेतून सोडवले, एवढेच. पडल्याची खबर यंत्र देईल. पण तीच गोष्ट दहाव्यांदा विचारणाऱ्या आजीला न चिडता उत्तर देणे, नाव विसरलेल्या हाताला हात देणे, हे माणसाचेच काम.

पुंडलिकाने वीट देवाला दिली, आई-बापांना नव्हे. आपण यंत्राची वीट आई-बापांपुढे टाकून “थांबा, आलोच” म्हणत निघून जात नाही ना, एवढे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.