दोष आणि प्रभार

राज्य शासनाच्या सेवेत असताना हाताखालच्या माणसांच्या गोपनीय चरित्रावलीत शेरे लिहिणे हे माझे दरवर्षीचे काम होते. माणसात दोष दिसला की बिघाडाचे कारण सापडले, अशी तेव्हा माझी समजूत होती. निवृत्तीनंतर इंदूरच्या घरी पदार्थविज्ञानातील एका संशोधनाविषयी वाचले आणि ती समजूत डळमळली.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पापुद्र्यांचा बनलेला अर्धवाहक पदार्थ. एरवी यंत्रांत वंगण म्हणून वापरला जाणारा. त्याचा तीन अणूंच्या जाडीचा एकच पापुद्रा सुटा करून त्यावर प्रकाश टाकला, तर तो स्वतःही प्रकाशतो, हे २०१० साली दिसून आले. तथापि शोषलेल्या प्रकाशातून शेकडा एक हिस्साही परत मिळत नसे. पापुद्र्यात ठिकठिकाणी गंधकाचे अणू गळालेले असतात. कचेरीच्या भाषेत ती रिक्त पदे. बहुतेक ठपका या दोषांवर ठेवला गेला.

२०१९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी हे दोष तसेच राहू दिले आणि केवळ विद्युतदाब देऊन पापुद्र्यातील जादा इलेक्ट्रॉन दूर केले. प्रकाश जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेला. प्रकाश देऊ पाहणाऱ्या विद्युतकणांच्या जोडीला जादा इलेक्ट्रॉन चिकटत असे आणि तिची ऊर्जा उजेड न पाडताच वाया जात असे. बाधा होती ती अतिरिक्त प्रभाराची.

हे शब्द लिहिताना माझी लेखणी थबकते. एका लिपिकाच्या चरित्रावलीत मी 'कामात मंद' असा शेरा लिहिला होता. दोन रिकाम्या टेबलांचा अतिरिक्त प्रभार त्याच्याकडे होता आणि तो आदेश माझ्याच सहीचा होता. शेऱ्यामुळे त्याची पदोन्नती रखडली. तो मंद होताही. परंतु काम अडले ते त्यामुळेच का, हे मी तपासले नाही.

दोष निरुपद्रवीच असतात, असा याचा अर्थ नव्हे. पारंपरिक अर्धवाहकांत ते प्रकाश खरोखरच गिळतात. पदार्थाचे नियम माणसाला नीती शिकवतात, असेही मी म्हणत नाही. परंतु दोष असणे आणि दोषामुळे घडणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गृहीत धरण्यापूर्वी आपण लादलेला भार उतरवून पाहणे हे निवाडा करणाऱ्याचे कर्तव्य होय. दोष दुसऱ्याचा, म्हणून चटकन दिसतो; भार आपण दिलेला, म्हणून नजरेआड राहतो.

तो लिपिक आज हयात नाही. माझा शेरा मात्र एखाद्या दप्तरात अजून असेल.